राइलीच्या चिचुंद्र्या

लुहतालांच्या घरी फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा विचारल्याशिवाय उघडायचा नाही, हे हिर्विपेरा गावात पुढे सगळ्यांना ठाऊक झालं. शेजारच्या आइरीला मात्र ते ठाऊक होण्यासाठी एकदा स्वतःच्या हाताने व्हॅनिलाचा डबा उघडावा लागला. राइली कॉफी ओतत होती, तेवढ्यात आपण जरा आइस्क्रीम काढून ठेवू, अशा चांगल्या हेतूने आइरी फ्रीजरपाशी गेली. झाकण काढलं तर आत कागदाच्या घड्यांमध्ये ओळीने निजवलेल्या चिचुंद्र्या. नाकं लांब, पाय वर.

“राइली,” आइरी म्हणाली, “तुझं आइस्क्रीम खराब झालंय.”

“त्या हेन्नाच्या आहेत. स्ट्रॉबेरीच्या डब्यात बघ. थांब, नको, स्ट्रॉबेरीतही त्याच आहेत. तू आपला पाव खा.”

आमच्याकडे आइस्क्रीमचा रिकामा डबा फेकून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यात बेरी गोठवतात, सूप गोठवतात, शिकारीचं मांस गोठवतात. राइलीने चिचुंद्र्या गोठवल्या, एवढाच काय तो फरक. वेलदोड्याचा पाव खाता खाता आइरीने तिच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि रात्रीच्या जेवणाआधी ती गावभर पोचवली.

हकीकत अशी. राइली आणि ताइस्तो लुहताला यांची एकुलती एक मुलगी हेन्ना शहरातल्या विद्यापीठात संशोधन करत होती आणि तिचा विषय होता चिचुंद्रीचं आतडं. आतड्याच्या अस्तरात हार्मोन तयार करणाऱ्या काही पेशी असतात. इतर पेशींच्या गर्दीत एखाददुसरी, कोपरा धरून बसलेली. पोटात काय आलं, किती आलं, आता पुरे की अजून हवं, याची खबर त्या देतात. चिचुंद्री हा जीव असा हावरा, की सतत तोंड चालू ठेवलं नाही तर काही तासांत भुकेने मरतो. तेव्हा तिच्या आतड्यात ‘पुरे’ म्हणणारं कुणी आहे का, आणि असलं तर ते नेमकं कुठे बसतं, हे हेन्ना शोधत होती. गावाने हे समजून घेतलं, म्हणजे हसून घेतलं. राइलीला मुलीच्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कच्चा माल कोणता लागतो ते तिला बरोबर कळलं.

आणि माल दारात येत होता. लुहतालांची मांजर मिर्री चिचुंद्र्या मारायची, पण खायची नाही. मांजरांना तो वास सोसत नाही. मारायचं आणि पायरीवर आणून टाकायचं, की बघा, मी काही बसून खात नाही. एके दिवशी राइलीने अशी एक चिचुंद्री उचलली, निरखून पाहिली आणि शहरात फोन लावला.

“हेन्ना, मिर्रीने चिचुंद्री आणलीय गं. छान आहे, कुठे फाटलेली नाही. तुला ठेवू का?”

खरं म्हणजे ती चिचुंद्री काडीच्याही उपयोगाची नव्हती. जीव गेला की आतड्यातल्या त्या नाजूक पेशी आधी विरघळतात. हेन्ना स्वतः जंगलात पिंजरे लावून चिचुंद्र्या जिवंत पकडायची आणि त्यांचं आतडं तिथल्या तिथे औषधात बुडवायची. मांजराने मारून पायरीवर वाळवलेल्या चिचुंद्रीत बघण्यासारखं काही उरत नाही. हे ती सांगणारच होती. पण आईचा आवाज इतका खुलला होता, की तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“ठेव आई. उपयोग होईल.”

त्या एका ‘ठेव’ने पुढे गावाला कामाला लावलं. मिर्री एकटी पुरेना, म्हणून राइलीने आइरीच्या बोक्याला भरती केलं. मग चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याची मांजर आली, मग दूधवाल्यांच्या गोठ्यातली सगळी जमात. लोक सायकलवरून येत, कागदात गुंडाळलेलं काहीतरी राइलीच्या हातात देत आणि कॉफी पिऊन जात. डबे कमी पडायला लागले तेव्हा राइलीने ताइस्तोला आइस्क्रीम खायला बसवलं. त्याला आइस्क्रीम आवडत नसे. पण विज्ञानासाठी तो बिचारा खिडकीबाहेर बघत बघत वाटीमागून वाटी संपवायचा.

डबे भरले की राइली फोन करी आणि हेन्ना शनिवारी गाडी घेऊन येई. जेवे, आपल्या जुन्या खोलीत झोपे, रविवारी डबे मागच्या सीटवर ठेवून परत जाई, आणि सोमवारी ते सगळे विद्यापीठातल्या जाळायच्या कचऱ्यात रिकामे करी. दर वेळी तिला चोरी केल्यासारखं वाटे. दर वेळी ती मनाशी ठरवी, की पुढच्या खेपेला सांगून टाकायचं. आणि पुढच्या खेपेला राइली दारातच विचारी, “मागच्या कशा निघाल्या गं?”

“चांगल्या निघाल्या.”

“आइरीला सांगते. तिला वाटतंय तिच्या बोक्याच्या जरा बारीक आहेत.”

यात वर्षं गेली. मग राइली आजारी पडली आणि मागच्या हिवाळ्यात, तळं पुरतं गोठलं तेव्हा, ती गेली. इस्पितळात शेवटी शेवटी तिला माणसांची नावं आठवत नव्हती, पण फ्रीजरचं झाकण नीट लागत नाही, ते दाबून लावायचं, हे तिने ताइस्तोला बजावलं होतं. हेन्नाला तेव्हा सांगता आलं नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून कुणी सांगतं का, की तू इतकी वर्षं जमवलंस ते मी कचऱ्यात टाकलं?

अंत्यविधी झाल्यावर लोक पांगले. हेन्ना निघाली तेव्हा ताइस्तोने तिच्या गाडीत एक डबा आणून ठेवला. “तिने ठेवलेला,” तो म्हणाला, आणि बर्फ झाडायला निघून गेला. हेन्नाने जंगलाच्या कडेला गाडी थांबवली आणि तो गार डबा मांडीवर घेऊन ती पोटभर रडली. तेवढा एक डबा तिने फेकला नाही. तिच्या स्वतःच्या फ्रीजरमध्ये मटारखाली तो अजून आहे.

पुढे फोन ताइस्तो करू लागला. राइली बोलायला बसली की कॉफी गार व्हायची. ताइस्तोचं बोलणं कॉफीचा एक घोट गिळायच्या आत संपे.

“डबा भरलाय.”

“येते शनिवारी.”

“बरं.”

ती येई. दोघं समोरासमोर बसून बटाटे खात, मांस खात, आणि राइलीच्या खुर्चीकडे दोघंही बघत नसत. ताइस्तो अर्धं ताट तसंच ठेवून उठे. तो वाळत चालला होता. “तू जेवतोस ना रे बाबा?” असं हेन्नाने विचारलं की “जेवतो की,” म्हणे, आणि भांडी घासायला घेई. बोलायचं ते सगळं दोघांच्या पोटात होतं आणि टेबलावर फक्त चिचुंद्र्यांचा विषय निघे.

अशात हेन्नाचा प्रबंध छापून आला आणि त्यात तिने एक वेडेपणा केला. आभाराच्या पानावर लिहिलं: ‘या अभ्यासासाठी चिचुंद्र्या जमवणाऱ्या माझ्या आईस, राइली लुहताला हिला.’ निदान कागदावर तरी आईच्या चिचुंद्र्या कामी याव्यात, एवढीच तिची इच्छा. आभार कोण वाचतं? ज्यांची नावं असतात ते वाचतात, ज्यांची नसतात ते रागावतात, बाकी कुणी ते पान उघडत नाही.

पण प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला विरोधक म्हणून नेमून आल्या होत्या प्राध्यापक गुन्वोर एकहोल्म. ‘विरोधक’ हे त्या माणसाचं अधिकृत नाव. भर सभेत उमेदवाराला समोर बसवून पुस्तकातल्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. एकहोल्मबाई दिसायला चिमणीएवढ्या, पण पुस्तकाच्या पाठीवर छापखान्याचं नाव असतं तेसुद्धा त्या वाचत.

परीक्षा शुक्रवारी दुपारी होती. आइरीने गावातून बस केली. दूधवाले आले, घंटा वाजवणारा आला, आणि आइरीच्या मांडीवर तिने स्वतः केलेला सँडविच केक होता, म्हणजे पावाच्या थरांचा खारा केक, कोळंबी आणि शेपूच्या पानांनी सजवलेला, लहान मुलाला धरावं तसा धरलेला. ताइस्तो अंत्यविधीचाच सूट घालून तिसऱ्या रांगेत बसला. सूट आता खांद्यांवरून ओघळत होता. समोर काळ्या पोशाखात हेन्ना, तिच्या एका बाजूला सभेचे अध्यक्ष, म्हणजे तिचे मार्गदर्शक प्राध्यापक सारकोला, आणि दुसऱ्या बाजूला एकहोल्मबाई. एरवी आमच्याकडे सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात, पण त्या सभागृहात कुत्र्यालाही ‘आपण’ म्हणावं लागतं.

सुरुवात चांगली झाली. हेन्ना उत्तरं देत होती, एकहोल्मबाई मान डोलवत होत्या, दूधवाल्यांपैकी एक जण झोपला होता. मग बाईंनी पुस्तक पहिल्या पानांकडे उलटलं.

“आता आभार बघू या,” त्या म्हणाल्या. “इथे म्हटलंय, चिचुंद्र्या आपल्या आईने जमवल्या. पुढे कार्यपद्धतीत म्हटलंय, सर्व प्राणी आपण स्वतः जिवंत पकडले. दोन्ही खरं असू शकत नाही. कोणतं खरं?”

हेन्नाने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ताइस्तो गुडघ्यांवर हात ठेवून, चर्चमध्ये बसावं तसा ऐकत होता.

“आदरणीय विरोधक, आईच्या चिचुंद्र्या प्राथमिक चाचणीसाठी होत्या.”

“ती चाचणी पुस्तकात नाही.”

“ती फारच प्राथमिक होती.”

“म्हणजे किती?”

“म्हणजे, हात बसवण्यापुरती.”

“चिचुंद्र्या ताज्या होत्या?”

“गोठवलेल्या.”

“मेल्या कशाने?”

“मांजराने,” हेन्ना म्हणाली.

“आमच्या बोक्यानेसुद्धा,” मागून आइरी म्हणाली. “निम्म्या तर आमच्याच.”

सारकोलांनी पेनाने टेबल वाजवलं. “श्रोत्यांनी मध्ये बोलू नये.”

“बोलत नाहीये. बोक्याचं नाव राहू नये म्हणून सांगितलं.”

एकहोल्मबाईंनी चष्मा काढला. “म्हणजे एकाहून अधिक मांजरं होती. आणि उमेदवार त्यांच्याविषयी पुस्तकात अवाक्षर काढत नाहीत. हे मला सोडून देता येणार नाही. आपला निष्कर्ष असा, की आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी जवळजवळ नाहीतच. सडलेल्या आतड्यातही त्या नसतात. तेव्हा मला खात्री हवी. आपण चिचुंद्रीचं आतडं पाहिलंत की मांजराने केलेला उशीर?”

आता सगळ्यांनाच कळलं की काहीतरी बिघडलंय. झोपलेला दूधवाला जागा झाला. आइरीने केकवरचा कागद पुन्हा नीट केला. हेन्नाची पंचाईत अशी, की आईच्या चिचुंद्र्या पुस्तकात आहेत म्हणावं तर पुस्तक गेलं, आणि नाहीत म्हणावं तर ते ऐकायला बाप तिसऱ्या रांगेत. पुस्तक गेलेलं तिने सोसलं असतं, असं मला वाटतं. पण खोटं बोलून पुस्तक घालवणं हे तिच्याने होण्यासारखं नव्हतं. तशी ती राइलीचीच मुलगी.

“एकही वापरली नाही,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण त्या सभागृहात तेवढाही पुरतो. “आईने दिलेली एकही चिचुंद्री या अभ्यासात नाही. त्या पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होत्या. मी त्या घरून आणायचे आणि इथे कचऱ्यात टाकायचे. एक डबा सोडून.”

“धन्यवाद,” एकहोल्मबाई म्हणाल्या आणि चष्मा लावला. “म्हणजे निष्कर्ष शाबूत आहे. चूक फक्त आभारात आहे.”

विज्ञानाचा प्रश्न मिटला. बाई पुढच्या तक्त्याकडे वळल्या. हिर्विपेराची माणसं मात्र आपापल्या बुटांकडे बघत बसली. इतक्या वर्षांच्या चिचुंद्र्या, सायकलवरून आणलेल्या, कागदात गुंडाळलेल्या, आणि राइलीने मोठ्या अभिमानाने मोजून ठेवलेल्या. हेन्ना पुढची उत्तरं देत होती, पण तिसऱ्या रांगेकडे बघायचं तिने टाळलं. ताइस्तो तसाच बसून होता. फक्त गुडघ्यांवरचे हात त्याने एकमेकांत धरले होते.

शेवटी बाईंनी उभं राहून प्रबंध मान्य करावा अशी शिफारस केली. हेन्नाने त्यांचे आभार मानले, आणि मग श्रोत्यांकडे वळून रिवाजाचं वाक्य म्हणायची वेळ आली: या पुस्तकाविरुद्ध उपस्थितांपैकी कुणाला काही म्हणायचं असेल, तर त्यांनी अध्यक्षांकडे बोलण्याची परवानगी मागावी. हे वाक्य ऐकून कुणी कधी हात वर करत नाही. लोक कोट शोधायला लागतात, कारण बाहेर कॉफी तयार असते.

ताइस्तोने हात वर केला.

सारकोला गडबडले. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं झालं नव्हतं. पण नियम तो नियम. “आपलं नाव?”

“ताइस्तो लुहताला. तिचा बाप.” तो उभा राहिला. “पुस्तकाविरुद्ध माझं काही नाही. मी वाचलेलं नाही, चित्रं बघितली. चांगली आहेत. मला त्या फेकण्याबद्दल बोलायचंय.”

“बाबा,” हेन्ना म्हणाली.

“उमेदवाराने प्रश्न पूर्ण होऊ द्यावा,” एकहोल्मबाई म्हणाल्या.

“त्या फेकल्या जातात हे आम्हाला ठाऊक होतं,” ताइस्तो म्हणाला. “पहिल्या उन्हाळ्यातच राइलीने इथे फोन केला होता. चिचुंद्र्यांखाली कागद घालायचा की नुसत्याच ठेवायच्या, ते विचारायला. ज्यांनी फोन घेतला त्यांनी सांगितलं, बाई, मेलेली एकही कामाची नाही.”

सारकोलांचे कान लाल झाले. अध्यक्षांनी मध्ये बोलायचं नसतं, पण ते बोलले. “तो फोन मी घेतला होता. त्या म्हणाल्या, मी फोन केला होता हे हेन्नाला कळू देऊ नका. मी नाही कळू दिलं.”

“आणि तरी ती जमवत राहिली?” आइरी म्हणाली. या वेळी पेन वाजलं नाही.

“मीही तेच म्हटलं तिला,” ताइस्तो म्हणाला. “म्हटलं, मग कशाला हा खटाटोप, मला ते आइस्क्रीम जात नाही. तर म्हणाली, वाढदिवसाला बोलावलं तर हेन्नाला काम असतं. नाताळला आली तरी घड्याळाकडे डोळा. पण चिचुंद्र्या साठल्यात म्हटलं की शनिवारी पोरगी दारात हजर. म्हणाली, तू गपचूप खा.” तो थोडा थांबला. सवय नसलेल्या माणसाला एवढं बोलून दम लागतो. “म्हणून खाल्लं. ती गेल्यावरही खातोय. जेवण जात नाही, पण डबा रिकामा तर व्हायला हवा ना.”

हेन्ना उभी होती ती टेबलाला धरून. रडायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं आणि ते काही तिला जमत नव्हतं. आईला फसवल्याचं ओझं तिने इतकी वर्षं वाहिलं, आणि आई तिकडे फोनपाशी बसून तिलाच फसवत होती. दोघींनी मिळून अख्ख्या गावाची मांजरं राबवली, पण ‘तू ये’ एवढं एकीला म्हणता आलं नाही आणि ‘मी येते’ एवढं दुसरीला.

“आपला प्रश्न काय आहे?” सारकोलांनी हळूच विचारलं. नियमाप्रमाणे प्रश्न हवा होता.

“प्रश्न आहे,” ताइस्तो म्हणाला. “पुस्तक झालं. राइली नाही. मिर्री म्हातारी झाली, पायरीवर नुसती ऊन खात बसते. आता चिचुंद्र्यांना काही कारण उरलं नाही.” त्याने मुलीकडे पाहिलं. “तर विचारायचंय ते एवढंच, की तू यावंस म्हणून आता मी काय साठवून ठेवू?”

हेन्नाने टेबल सोडलं.

“काही साठवू नकोस रे बाबा,” हेन्ना म्हणाली. ‘आपण’ वगैरे सगळं गळून पडलं होतं. “काही नको. मी येते.”

सारकोला खाकरले. “प्रश्नकर्त्याचं समाधान झालं का?”

ताइस्तोने विचार केला. तो घाईत हो म्हणणारा माणूस नव्हता.

“नाही,” तो म्हणाला. “कधी ते नाही सांगितलं.”

“हरकत योग्य आहे,” एकहोल्मबाई चष्मा पुसत म्हणाल्या. त्या बराच वेळ तो पुसत होत्या. “उमेदवाराचं उत्तर मोघम आहे.”

“उद्या,” हेन्ना म्हणाली. “उद्या सकाळी.”

“मग झालं समाधान,” ताइस्तो म्हणाला आणि खाली बसला.